शैब्याची लढाई आणि नवखे मराठा शिपाई



तापी नदी ज्या ठिकाणी खंबायतच्या आखातास मिळते, त्या मुखापाशी, सुरतेच्या पश्चिमेस हजीरा आहे. एके काळी येथे कोळ्यांची वस्ती, वाळूचे पट्टे आणि समुद्रावरचा वारा एवढेच काय ते होते. आता तेथे मोठमोठे कारखाने उभे आहेत, आणि त्यांतील एका कारखान्यात भारतीय लष्करासाठी 'वज्र' नावाच्या तोफा तयार होतात. मूळ आराखडा कोरियाचा. परंतु आपल्या वाळवंटाचा उष्मा आणि धूळ तिला मानवावी म्हणून तीत फेरफार केलेले आहेत. २०१७ साली अशा १०० तोफांचा करार झाला आणि त्यांतील शेवटची तोफ २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराच्या स्वाधीन झाली. लष्करात दाखल होण्यापूर्वी तोफ वाळूत चालवून पाहतात, तापवून पाहतात, डागून पाहतात, आणि पसंत पडली म्हणजे मगच ती रणांगणाच्या वाटेला लावतात.

माणसाच्या बाबतीत ही सोय नाही. कवाईतीच्या मैदानावर त्याची पारख थोडीफार होते. उरलेली पहिल्या मोठ्या लढाईतच व्हावयाची असते. आज मी आपणांस अशाच एका पारखीची हकीगत सांगणार आहे. १९१५ सालच्या एप्रिल महिन्यात इराकमधील बसरा शहराबाहेर, शैबा नावाच्या ठिकाणी, वाळवंटात ती झाली. पारख झाली ती सातारा, पुणे, कोल्हापूर आणि रत्नागिरीकडच्या शिपायांची.

हजीऱ्यावरून थेट बसऱ्यास जाणे आपणांस चमत्कारिक वाटेल. पण सुरतेच्या जुन्या व्यापाऱ्यांस ते मुळीच वाटले नसते. सुरतेचे कापड बसऱ्यास जावे आणि बसऱ्याहून घोडे नि खजूर यावेत, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. हजीऱ्याजवळच्या सुवाळीच्या नाळेत १६१२ साली टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाने पोर्तुगीज गलबतांना परतवून लावले, आणि त्यानंतर कंपनीची वखार सुरतेस पक्की झाली. वखारीमागून मुंबई आली, मुंबईमागून मुंबई इलाख्याची फौज आली. १७६८ पासून तीत एतद्देशीय पलटणी उभ्या राहू लागल्या आणि पुढे ज्यांना मराठा पलटणी म्हणू लागले त्यांचा वंश तेथून सुरू होतो. समुद्र ओलांडण्याचे या फौजेस वावडे नव्हते. १८०१ मध्ये मुंबईचे शिपाई मिसर देशात गेले, १८५६-५७ मध्ये इराणच्या बुशहर बंदरावर उतरले आणि १८६८ मध्ये हबसाणात.

असे असता १९१४ साली याच पलटणींना वरिष्ठांच्या दृष्टीने दुय्यम का मानले जात होते, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो, आणि तो समजल्याशिवाय शैब्याच्या लढाईत पणास काय लागले होते हे समजावयाचे नाही.

त्याचे मूळ अफगाणिस्तानातील एका उन्हाळी दिवसात सापडते. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारच्या पश्चिमेस मैवंद येथे जनरल बरोज याच्या फौजेचा अयूबखानाने पुरता पराभव केला. मुंबईच्या फौजेची जेकब्ज रायफल्स ही पलटण त्या दिवशी मैदानात होती आणि तिच्यात कच्च्या रंगरुटांचा भरणा होता. उघडे माळरान, डोक्यावर सूर्य, घोटभर पाणी नाही, आणि समोरून तोफांचा भडिमार. अशा स्थितीत हे लोक तासन्‌तास उभे होते. अखेर ते मोडले, त्यांच्या रेट्याने शेजारची ग्रेनेडियर पलटण मोडली, आणि नऊशेंहून अधिक माणसे त्या दिवशी कामास आली. वस्तुतः दोष नवख्या माणसांना नको तेथे उभे करणाऱ्यांचा होता. परंतु पराभवाचा जमाखर्च लिहिणारे लोक आपल्या नावावर खर्च टाकीत नसतात. मुंबईची फौज कुचकामी, दक्षिणेतील माणूस शिपाईगिरीस निकामी झाला, असा बोभाटा झाला. पुढे सरसेनापती झालेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी त्यास तत्त्वज्ञानाचे रूप दिले. वायव्येकडील काही जाती तेवढ्या लढवय्या, दीर्घकाळ शांततेत राहिलेले मद्रास-मुंबईकडचे लोक मऊ पडलेले, असे त्यांचे मत होते, आणि १८८५ ते १८९३ या आपल्या अमदानीत त्यांनी भरतीचे धोरण त्याच मतावर बेतले. ज्या महार शिपायांनी १८१८ साली कोरेगावी रक्त सांडले होते, त्यांची भरती याच सुमारास बंद पडली. मराठ्यांची बंद झाली नाही. पण त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली. ज्यांच्या पूर्वजांनी अटकेपर्यंत घोडी दौडविली, त्यांना लढता येते की नाही याचा निकाल शिमल्याच्या थंड हवेत लागावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा!

१९०३ साली किचनेर यांनी पलटणींना नवे क्रमांक दिले. मुंबईच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळविले गेले. तिसरीची झाली १०३ वी, दहावीची ११० वी, सतरावीची ११७ वी. दख्खनी मराठे, कोकणी मराठे आणि थोडे दख्खनी मुसलमान असा त्यांचा भरणा असे. पलटणीत सुमारे साडेसातशे शिपाई, डझनभर गोरे अधिकारी, त्यांच्या खाली सुभेदार-जमादार आणि सबंध पलटणीस मशीनगन अवघ्या दोन. शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये. घाटावरचा कोरडवाहू शेतकरी असो की कोकणातला वरकस जमिनीचा कुळवाडी असो, या ११ रुपयांपैकी जे काही तो घरी धाडी, त्यावर घरची चूल आणि सावकाराचे व्याज ही दोन्ही चालत. साम्राज्याच्या राजकारणाशी त्याला कर्तव्य नव्हते. मात्र गावाने आपल्याला काय म्हणावे याच्याशी पुष्कळच होते.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा सहाव्या म्हणजे पुण्याच्या डिव्हिजनची एक ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघाली. तीत ११७ वी मराठा होती. तुर्कस्थान युद्धात पडताच ६ नोव्हेंबरला ही फौज शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाओ येथे उतरली. मागून ११० वी आणि १०३ वी आल्या. १७ नोव्हेंबरला साहिल येथे चकमक झाली, ती पावसाने झालेल्या चिखलात. योगायोग असा की, त्याच्या तीनच दिवस आधी लॉर्ड रॉबर्ट्स फ्रान्समध्ये हिंदी फौजेस भेटावयास गेले असता तेथे निवर्तले. नोव्हेंबर संपण्यापूर्वी बसरा हाती आले, डिसेंबरात कुर्ना पडले. तेव्हा शैब्याच्या आधी या पलटणींनी बंदुकीचा आवाजच ऐकला नव्हता, असे म्हणता येणार नाही. पण त्या चकमकी एका दिवसाच्या, नदीकाठच्या होत्या, आणि नदीतील लढाऊ बोटींच्या तोफा पाठीशी होत्या. नदी सोडून, उघड्या वाळवंटात, मोठ्या तुर्की सैन्याशी दिवसामागून दिवस झुंजण्याचा प्रसंग अद्याप यावयाचा होता.

तो एप्रिलात आला. वसंत ऋतूत तेथील नद्यांना पूर येतो. बसरा आणि शैबा यांच्यामध्ये कित्येक मैल गुडघाभर-कंबरभर पाणी पसरले होते. त्या पाण्यापलीकडे वाळवंटाच्या कडेवर शैब्याची छावणी होती. रसद न्यावयाची ती 'बेलम' नावाच्या लांबट, चपट्या, बांबूने ढकलावयाच्या होड्यांतून. म्हणजे पाठीमागे पाणी आणि पुढे वाळू. तुर्की सेनापती सुलेमान अस्करी बे हा जिद्दीचा माणूस होता. आधीच्या चकमकीत तो जबर जखमी झाला होता. तरी खाटेवरून सूत्रे हालवीत होता. त्याच्यापाशी नियमित शिपाई चार हजारांच्या आसपास आणि अरब व कुर्द टोळ्यांचे लोक दहा हजारांहून अधिक होते. छावणीत दोन ब्रिगेडी आणि घोडदळ मिळून सहा-सात हजार माणसे होती. ११७ वी मराठा एका ब्रिगेडीत, ११० वी दुसऱ्या ब्रिगेडीत.

१२ एप्रिलच्या पहाटे तुर्कांच्या तोफा सुरू झाल्या. दिवसभर त्यांचे पायदळ आणि टोळीवाले छावणीच्या तारांच्या कुंपणावर चालून येत राहिले. खंदकात बसून गोळीबार करणे हे नवख्या शिपायास त्यातल्या त्यात सोपे; समोर लक्ष्य असते, पाठीस मातीचा आधार असतो, शेजारी आपलाच माणूस असतो. हल्ला परतला. त्या रात्री जनरल मेलिस हे बसऱ्याहून बेलममधून पाणी ओलांडून आले आणि त्यांनी अधिकार हाती घेतला. १३ तारखेस त्यांनी बाहेर पडून आसपासची टेकाडे मोकळी केली. इथवर सर्व ठीक चालले होते.

खरी परीक्षा १४ तारखेची. शत्रू बर्जिसिया नावाच्या खुरट्या झाडीच्या बनात दबा धरून आहे असे समजून मेलिस यांनी सकाळी दोन्ही ब्रिगेडी छावणीबाहेर काढल्या. प्रत्यक्षात शत्रूचे खंदक बनाच्या पुष्कळ पुढे, उघड्या वाळूत, कोणास दिसणार नाहीत असे खणलेले होते. दहा-साडेदहाच्या सुमारास ऊन चढले आणि मृगजळ सुरू झाले. मृगजळ हा शब्द आपण काव्यात वाचतो. त्या दिवशी तो दारूगोळ्याचा प्रश्न होऊन बसला. अंतर कळेना. हजार यार्डांवरील वस्तू हवेत तरंगू लागल्या, झुडपे माणसांसारखी आणि माणसे झुडपांसारखी दिसू लागली. तोफखान्यास नेम धरवेना, घोडदळास आपले लोक कोणते आणि शत्रूचे कोणते हे उमगेना. शिपायांना आडोसा म्हणून एक बांध नाही की एक दगड नाही. पालथे पडून, थोडे सरपटून, पुन्हा पालथे पडावयाचे. खालून वाळू भाजते, वरून पाठ भाजते. कमरेच्या बाटलीतील पाणी दुपार होईतो संपले. भिस्ती आणि पखालीची खेचरे पुढच्या रांगेपर्यंत पोचणे त्या गोळीबारात दुरापास्त होते. काडतुसेही कमी पडू लागली.

हे सारे मैवंदसारखेच होते. माळरान तेच, ऊन तेच, तहान तीच आणि पुष्कळ माणसेही तशीच. आपल्या आयुष्यातील पहिली मोठी लढाई ती लढत होती. दुपारचे तीन वाजून गेले तरी पाऊल पुढे पडत नव्हते. जखमींची संख्या वाढत होती. मेलिस यांच्यापाशी राखीव फौज उरली नव्हती आणि त्यांनी माघारीचा विचार सुरू केला होता. जखमींना उचलून नेण्यासाठी गाड्या पुढे बोलाविण्याचीही तजवीज चालली होती. उघड्या मैदानात, हजारो टोळीवाले आजूबाजूस घिरट्या घालीत असता, तहानेल्या फौजेने माघार घेणे म्हणजे काय, हे मैवंद ठाऊक असलेल्या माणसास सांगावयास नको.

आणि मग माघारीऐवजी चढाई झाली. डॉर्सेट पलटणीचे गोरे शिपाई उठले, त्यांच्या बरोबरीने ११७ वी उठली, रांगेतील इतरही उठले, आणि संगिनी परजीत ही सबंध रांग खंदकांवर जाऊन पडली. सहा तास वाळूत पालथी पडलेली माणसे अशी उठून चालू लागतात याचे उत्तर युद्धशास्त्राच्या पुस्तकांत मला कधी समाधानकारक मिळाले नाही. तुर्कांचाही धीर त्याच वेळी सुटला. मागून येणाऱ्या खेचरगाड्यांची धूळ पाहून त्यांना नवी कुमक आल्याचा भास झाला, असे सांगतात. मृगजळाने त्या दिवशी दोन्ही पक्षांस फसविले असेल, तर ते न्यायाचेच झाले. टोळीवाले बहुतांशी बाजूस उभे राहून लढाईचा रंग पाहत होते. तुर्क पळू लागताच ते त्यांच्याच मागे लागले. सुलेमान अस्करीने हा शेवट पाहिला आणि स्वतःवर गोळी झाडून घेतली. तीन दिवसांत आपल्या बाजूची हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. तुर्कांची हानी त्याहून पुष्कळ अधिक होती.

मग शैब्यास माणसे का टिकली आणि मैवंदला का मोडली? रॉबर्ट्स यांच्या मताप्रमाणे उत्तर रक्तात शोधावे लागेल. पण रक्त दोन्हीकडे मुंबई फौजेचेच होते. मला वाटते, उत्तर पुष्कळ साधे आहे. शैब्याच्या शिपायांनी आधीचे पाच महिने एकत्र काढले होते. साहिलचा चिखल आणि कुर्न्याचे खजुरीचे बन त्यांनी एकमेकांच्या शेजारी पाहिले होते. आपला सुभेदार संकटात कसा वागतो हे त्यांना ठाऊक झाले होते. आदल्या दोन दिवसांत खंदकातून शत्रूला मागे हटताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. एका कंपनीत एकेका गावची, एकेका भावकीची माणसे होती. शेजारी पालथा पडलेला माणूस चुलतभाऊ असेल तर मागे फिरणे फार अवघड होते, कारण ती गोष्ट त्याच्या आधी गावी पोचणार असते. आणि शेवटी, मागे पाणी होते. शौर्याचे श्रेय मी यत्किंचितही कमी करीत नाही. कच्चा माणूस पक्का कसा होतो एवढेच मला दाखवावयाचे आहे. मैवंदच्या रंगरुटांना हे पाच महिने कोणी दिले नाहीत.

संध्याकाळी जखमींना छावणीकडे आणले ते खेचरांच्या दुचाकी गाड्यांतून. या गाड्यांना स्प्रिंगा नव्हत्या. त्या रसद वाहण्यासाठी केलेल्या होत्या. मोडलेल्या हाडांच्या माणसांना त्यांतून खडबडीत वाळवंटावरून, आणि पुढे पाण्यातून बसऱ्यास न्यावे लागले. त्याच वेळी कोणी डोळे उघडले असते तर पुढचे हाल टळते. परंतु विजयात गाड्यांना स्प्रिंगा नाहीत हे कोणाच्या लक्षात राहत नाही. मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध होऊन भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला, तोपर्यंत हजारो जखमी त्याच गाड्यांतून गेले होते.

विजयाचा दुसरा परिणाम याहून वाईट झाला. तुर्क एका धक्क्याने मोडतो, अशी जनरल निक्सन आणि त्यांच्या सल्लागारांची समजूत झाली. मेलिस यांनी माघारीचा विचार केला होता, हे बहुधा ते विसरले. फौज नदीने वर वर सरकत बगदादच्या दाराशी गेली. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोन येथे साडेचार हजारांहून अधिक माणसे गमावून ती कुत-अल-अमारा येथे परतली, आणि ७ डिसेंबरपासून तेथे कोंडली गेली. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते कित्येक आठवडे नाकारले आणि उपासाने खंगले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले. शैब्यास जे वाचले होते त्यांपैकी अनेक जण कैदी होऊन वाळवंटातून चालत गेले आणि वाटेत किंवा तुर्की रेल्वेच्या कामावर मेले. शैब्याचा विजय आणि कुतचा पराभव यांत एका वर्षाचे अंतर आहे. पण मला ही एकच हकीगत वाटते.

पलटणींचे नाव मात्र उरले. १९२१ साली ११७ व्या पलटणीस 'रॉयल' ही पदवी मिळाली. १९२२ मध्ये जुन्या सहा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट झाली, आणि मराठा लढाऊ नाही ही भाषा सरकारी कागदांतून नाहीशी झाली. ज्या तत्त्वज्ञानातून ती निघाली होती ते मात्र नाहीसे झाले नाही. त्यातील यादी तेवढी दुरुस्त झाली. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी करण्यात आली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. महारांना पुन्हा आपली रेजिमेंट मिळावयास दुसरे महायुद्ध आणि १९४१ साल उजाडावे लागले. ११० व्या पलटणीचे वारस त्याच वर्षी एरिट्रियात केरनच्या डोंगरांवर लढले.

बसऱ्यास या मोहिमेतील मृतांचे एक स्मारक १९२९ साली उभारण्यात आले. ज्यांच्या थडग्यांचा पत्ता नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांची नोंद त्यावर आहे. तीत गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव आणि त्यापुढे मृतांचा आकडा एवढेच कोरले आहे. १९९७ साली सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने हे स्मारक बंदराजवळून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर आत, वाळवंटात नेऊन ठेवण्यात आले. नावे गाळल्याबद्दल राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१ साली जाहीर क्षमा मागितली.

सातारा जिल्ह्यात किंवा कोकणात आपण कधी गेलात तर एखाद्या गावी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसविलेला लहानसा पाषाण दिसेल. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतके कामास आले, असा मजकूर त्यावर असतो. तेथेही आकडेच आहेत. फरक इतकाच की, गावात ते आकडे कोणत्या घरांचे, हे सांगणारी माणसे पुष्कळ वर्षे होती.